तुरुंगाच्या दारातला दुसरा कागद

ज्या संध्याकाळी त्या गृहस्थांनी बेलेघाट्याच्या मैदानावर सरकारविरुद्ध चिथावणीखोर भाषण केलं असं सरकारचं म्हणणं होतं, त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर बसून माझ्या स्वल्पविरामांवर चिडत होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही पहिल्या दिवशी मी ते सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे ती सरकारवरच्या रागानं, असं मी स्वतःला सांगते. पण त्या रागातला एक मोठा वाटा माझा स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

गृहस्थ प्रूफरीडर होते. कॉलेज स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत छापखाना होता, तिथं आमच्या लॉ कॉलेजचं त्रैमासिक छापलं जाई. मी त्या कॉलेजात संध्याकाळच्या वर्गांना शिकवत असे. तिथं शिकवणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे मुलं सवयीनं मलाही "सर" म्हणत आणि मीही काही न बोलता हजेरी पुढे घेई. दिवसा माझं संशोधन चाले. विषय होता कायद्याचं राज्य आणि नागरिकाचं स्वातंत्र्य. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. मूलभूत हक्कांचं प्रकरण मी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची पानं पुस्तकातून सुटून आली होती. त्याच प्रकरणात, हक्कांच्या मधोमध, खटला न चालवता माणसाला कोंडून ठेवण्याची मुभाही लिहिलेली होती. आणि महिनाभरात तसा कायदाही आला. एका वर्षापुरता, म्हणाले.

या कायद्यावरचा माझा पहिला लेख त्रैमासिकात जायचा होता. प्रूफं बघायला मी छापखान्यात गेले. हे गृहस्थ पन्नाशीच्या आतबाहेरचे, जाड काचांचा चष्मा, अंगात धुवट पंजाबी, म्हणजे बंगाली पद्धतीचा सैल सदरा. मी त्यांना दादा म्हणे. त्यांनी माझ्या इंग्रजी लेखात एका शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून उचललेला तो शब्द, मी 'प्रजाजनाचं स्वातंत्र्य' अशा अर्थानं वापरला होता.

"हे असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं. "जानेवारीपर्यंत आपण प्रजा होतो. आता नागरिक ना?"

मला लाज वाटली. कायद्याची अध्यापक मी, आणि चूक दाखवली ती मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसानं. तीन तास आम्ही त्या गॅल्या, म्हणजे प्रूफांच्या लांब पट्ट्या, घेऊन बसलो होतो. त्या दिवशी माझा वर्ग नव्हता, पाचाला बसलो ते आठ वाजून गेले. प्रत्येक गॅलीच्या तळाशी मी आद्याक्षरं आणि तारीख घातली, त्यांनीही घातली. तसा छापखान्याचा रिवाजच होता. निघताना ते म्हणाले, "स्वल्पविराम पेरता तुम्ही, दीदी. धान पेरल्यासारखे." मी हसले. दुर्गापूजा आठवड्यावर आली होती आणि गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू उभे राहत होते.

पूजा झाल्यावर काही दिवसांनी मी पुढच्या लेखाचे कागद घेऊन गेले, तर त्यांच्या टेबलाशी दुसराच कुणी बसला होता. छापखान्याच्या मालकांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं, "त्यांना नेलं."

"कुठं नेलं?"

"नेलं म्हणजे नेलं. पहाटे, घरातून."

मालकांकडून पत्ता घेतला आणि त्याच दुपारी ट्राम पकडून मी बागबाजारला गेले. आम्ही भवानीपूरला राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, नागपूरहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला. तरी बागबाजारला गेलं की मला थोडं चोरट्यासारखं वाटायचं. मराठा स्वारांना अडवायला शहरानं एके काळी खंदक खणला होता, तो तिथूनच सुरू व्हायचा. बंगाली आया अजूनही पोरांना बर्गींची, म्हणजे आमचीच, भीती घालून झोपवत.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी तिला बौदी म्हणू लागले, आपल्याकडे वहिनी म्हणतो तसं. चाळिशीची, ठेंगणी, पदर खांद्याशी घट्ट धरून बोलणारी. मी कोण ते सांगितल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही कायदा शिकवता?"

"हो."

"मग हे वाचून सांगा. मला इंग्रजी येत नाही. आणि ज्यांना येतं ते वाचल्यासारखं करतात आणि निघून जातात."

स्थानबद्धतेचा हुकूम आणि त्याची कारणं असे दोन टंकलेले कागद होते. तिनं तुरुंगातल्या भेटीत त्यांची नक्कल मिळवली होती. मी वाचू लागले. नाव त्यांचंच होतं. पण वडिलांचं नाव वेगळं होतं. पत्ता बागबाजारचा नव्हता, बेलेघाट्याचा होता. खाली लिहिलं होतं की अमुक दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास तुम्ही बेलेघाट्याच्या मैदानावर जमावाला हिंसेची चिथावणी दिली, सबब सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी तुम्हाला स्थानबद्ध करणं आवश्यक आहे असं सरकारचं समाधान झालं आहे.

मी तिला सगळं बंगालीत सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "हे दुसऱ्याच कुणाचं आहे."

"दिसतंय तसं."

"मग सांगा ना कुणीतरी त्यांना. इतकी साधी गोष्ट आहे."

मी घरी आले आणि दप्तरातून माझ्या गॅल्यांची प्रत काढली. तळाशी तारीख होती. तीच तारीख. त्यांची आद्याक्षरं, माझी आद्याक्षरं. बेलेघाट्यात भाषण चाललं होतं म्हणतात, त्याच वेळी आम्ही तिसऱ्या गॅलीवर होतो.

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण इथेच खरी गोम आहे. मी त्या रात्री आईबाबांना काही सांगितलं नाही. मी विचार केला, आणि एखाद्या हुशार वकिलासारखा केला. प्रतिज्ञापत्र द्यायचं म्हणजे माझं नाव पोलिसांच्या फायलीत जाणार. बाबांची सरकारी नोकरी, माझी कच्ची नोकरी, माझा अर्धवट प्रबंध. आणि शिवाय गरजच काय? हुकुमातच चूक होती. वडिलांचं नाव चूक, पत्ता चूक. ज्या माणसाविरुद्ध हुकूम आहे तो हा माणूसच नव्हे, एवढं दाखवलं की पुरे. मुद्दा स्वच्छ होता, सुंदर होता. मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मला आजही आठवतं, आणि आठवलं की स्वतःचं तोंड रंगवावंसं वाटतं.

आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका जुन्या वकिलांकडे मी बौदीला घेऊन गेले. त्यांनी फी घेतली नाही. अर्जाचा मुद्दा मी त्यांना रात्र जागून लिहून दिला. हायकोर्टात अर्ज उभा राहिला तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकील म्हणाले, किरकोळ लेखनप्रमाद आहे. न्यायमूर्ती म्हणाले, ज्या कागदावर माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेतलं जातं त्या कागदावर किरकोळ असं काही नसतं. हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. याच्यासाठी तर मी कायदा शिकले होते! हुकूम रद्द झाला. तत्काळ सोडा, असा आदेश निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बौदी, वकीलसाहेब आणि मी तुरुंगाच्या दाराशी उभे होतो. थंडीचे दिवस होते. बौदीनं शाल आणली होती आणि डब्यात संदेश, खजुराच्या नव्या, नोलेन गुळाची मिठाई. दारातला छोटा दरवाजा उघडला आणि दादा वाकून बाहेर आले. काखेत कपड्यांचं बोचकं. दाढी वाढलेली. त्यांनी आम्हाला पाहिलं, हसले, आणि चार पावलंही चालले नसतील तोच बाजूच्या मोटारीतून एक अधिकारी उतरला. अतिशय सभ्य माणूस. त्यानं नमस्कार केला.

"हे आपल्यासाठी," तो म्हणाला आणि त्यानं एक कागद पुढे केला.

दादांनी कागद घेतला. चष्मा पुसला. उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. घाईघाईनं काही वाचणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. मग वर पाहिलं आणि म्हणाले, "या वेळी वडिलांचं नाव बरोबर आहे. पत्ताही बरोबर आहे."

नवा हुकूम होता. नाव तेच, वडिलांचं नाव खरं, पत्ता बागबाजारचा. आणि खालची कारणं? तीच. बेलेघाट्याचं मैदान, संध्याकाळचे सहा, चिथावणी. एका अक्षराचा फरक नव्हता. ज्या माणसाला धरायचं होतं तो माणूस सोडून त्यांनी भलत्याला धरलं होतं. चूक कळल्यावर त्यांनी माणूस बदलला नाही, कागद बदलला.

वकीलसाहेब त्या अधिकाऱ्याशी तावातावानं बोलू लागले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागचा हुकूम सदोष होता हे आपणच दाखवून दिलंत. आम्ही दुरुस्त केला."

आम्हीच दाखवून दिलं. मीच, रात्र जागून. कुठलं नाव चुकलं, कुठला पत्ता चुकला, परिच्छेदवार.

दादांना पुन्हा आत नेलं. तो छोटा दरवाजा बंद झाला. बौदीच्या हातात डबा तसाच होता. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "आता परत तेच करायचं?"

"आता ते चालणार नाही," मी म्हटलं. "आता हुकुमात चूक नाही."

"पण ते तिथं नव्हतेच! पूजेच्या आधीचा आठवडा. ते छापखान्यातून उशिरा आले होते. कुठल्या तरी बाईंचा लेख होता म्हणाले, संपता संपत नव्हता..." आणि बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. "त्या तुम्ही?"

मी मान हलवली.

"तुम्ही त्यांच्याबरोबर होता. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही कोर्टाला वडिलांचं नाव सांगत बसलात?"

मी काहीतरी बोलले. बहुधा कायद्याचंच. अशा अर्जात वस्तुस्थितीपेक्षा हुकुमाची वैधता कशी महत्त्वाची असते, असं काहीतरी. तिनं ऐकून घेतलं नाही. ती वळली आणि ट्रामच्या दिशेनं चालू लागली. वकीलसाहेबांनी मला विचारलं, "हे खरं आहे?" मी हो म्हटल्यावर त्यांनीही दुसरीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी माझ्या मनात जो राग उसळला तो कुणावर होता हे मला कळत नव्हतं. त्या सभ्य अधिकाऱ्याला ओरबाडावं असं वाटत होतं. मी घरी न जाता कॉलेजात गेले आणि माझ्या मार्गदर्शकांच्या खोलीत शिरले. सर विद्वान होते, प्रेमळ होते, आणि इंग्रजांच्या काळात दोन वर्षं खटल्याशिवाय तुरुंगात राहून आले होते. त्यांना समजेल, दुसऱ्या कुणाला नाही तरी त्यांना समजेल, अशी माझी खात्री होती.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मी प्रतिज्ञापत्र देणार आहे. आणि ही हकीकत, हे दोन्ही हुकूम शेजारी शेजारी ठेवून, प्रबंधात घालणार आहे."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रबंध म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. तत्त्वाची चर्चा कर. एका माणसाच्या हकिकतीवरून तत्त्व सिद्ध होत नाही."

"सर, तुम्हीही एक माणूसच होता."

ते चिडले. "ते परकं सरकार होतं! हे आपलं आहे. नवं आहे. चुका होतील, आपण धीर धरायला नको?"

"धीर दादा धरताहेत, सर. तुरुंगात. आपण इथं चहा पितोय."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "तुझ्या भल्यासाठी सांगतो. ते प्रकरण गाळ. प्रबंध पुढच्या वर्षी पार होईल. नंतर काय लिहायचं ते लिही." आणि मला कळलं की ते मला धमकावत नव्हते, ते घाबरले होते. इंग्रजांना न घाबरलेला माणूस स्वतःच्या सरकारला घाबरत होता. मला त्यांची कीव आली नाही. आज येते, पण तेव्हा नाही आली. मी दार आपटून बाहेर पडले.

छापखान्याच्या मालकांकडेही गेले. त्या संध्याकाळी तेही पलीकडच्या टेबलाशी होते, दोनदा आमच्याजवळ येऊन किती राहिलं ते विचारून गेले होते. ते म्हणाले, "मला आठवत नाही." मी तारीख सांगितली, गॅली दाखवली. ते गॅलीकडे न बघताच, बापानं लेकीशी बोलावं तसं म्हणाले, "रोज इतकी माणसं येतात. मला छापखाना चालवायचा आहे, मा." म्हणजे साक्षीदार मी एकटी.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. बाबा ऐकत राहिले, मग म्हणाले, "एकदा नाव फायलीत गेलं की निघत नाही. मी तीस वर्षं फायलींत काढली आहेत. मला शिकवू नकोस."

"मग त्यांचं नाव? ते गेलंय ते?"

"त्यांचं मला वाईट वाटतं. पण मुलगी माझी तू आहेस."

आई पळी हातात घेऊनच बाहेर आली. "त्या बाईच्या घरी कोण कोण आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ती आणि म्हातारी सासू. आई तिथंच उभी राहिली. आमटी करपल्याचा वास आला तेव्हा आत गेली.

चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवून दिला. पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. एका जागी पेन्सिलीनं खूण होती. मी लिहिलं होतं, 'मला आठवतं त्याप्रमाणे सदर गृहस्थ त्या वेळी माझ्यासमोर होते.'

"आठवतं की माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत आहे."

"मग माहीत आहे असं लिही. आठवतं असं भित्रे लोक लिहितात." आणि छत्री घेऊन निघून गेले.

दुसऱ्या अर्जाला मी गॅली जोडली, प्रतिज्ञापत्र जोडलं. आता मला वाटलं, संपलंच. खोटं हातात सापडलंय. कोर्टात सरकारी वकील उभे राहिले आणि माझ्या प्रतिज्ञापत्राबद्दल त्यांनी एक अवाक्षरही काढलं नाही. ते खोटं आहे असंही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, कारणं खरी आहेत की नाहीत, हा प्रश्न या कोर्टापुढे येतच नाही. कायद्याला हवं आहे ते सरकारचं समाधान. ते झालं आहे. हुकूम नमुन्याप्रमाणे आहे, कारणं दिलेली आहेत, ती संदिग्ध नाहीत. दिवस, वेळ, जागा, सगळं स्पष्ट आहे.

स्पष्ट होतंच. खोटं किती स्पष्ट असू शकतं!

हे न्यायमूर्ती दुसरे होते. त्यांनी माझी गॅली उलटून पाहिली, खरंच पाहिली, मला दिसलं. मग त्यांनी खेदानं सांगितलं की कायद्यानं त्यांचे हात बांधलेले आहेत. सरकारच्या समाधानाच्या जागी कोर्टाला आपलं समाधान ठेवता येत नाही. अर्ज नामंजूर. मला हे सगळं आधी माहीत नव्हतं का? होतं. मीच तर वर्गात शिकवायची. फळ्यावर लिहून द्यायची, 'समाधान व्यक्तिनिष्ठ, कोर्टाच्या कक्षेबाहेर', आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. पण शिकवणं वेगळं, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या बाईची पाठ ताठ होताना मागून पाहणं वेगळं. त्या काळ्या कोटांच्या गर्दीत मला जोरानं ओरडावंसं वाटलं की अहो, तो माणूस तिथं नव्हता! हे सगळ्यांना माहीत आहे! ओरडले नाही. माझ्या विद्येनं मला तेवढी शिस्त लावली होती.

राहिलं सल्लागार मंडळ. स्थानबद्धता योग्य की अयोग्य ते तपासायला कायद्यानं नेमलेलं. ते बंद दारामागं बसे, वकिलाला आत प्रवेश नाही, साक्षीदाराला नाही. स्थानबद्ध माणसानं हवं तर एकट्यानं जाऊन बोलावं. मी माझं प्रतिज्ञापत्र आणि गॅलीची नक्कल रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोचपावती आली. उत्तर आलं नाही.

दरम्यान एके दिवशी घरी साध्या वेशातला एक माणूस आला. मी कॉलेजात होते. आईला वाटलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीसाठी कुणी आलं असेल, म्हणून तिनं त्याला बसवलं, चहा दिला, चकल्या दिल्या. घरात कुठली वर्तमानपत्रं येतात, मुलगी रात्री किती वाजता येते, तिला भेटायला कोण येतं, असं तो विचारू लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं. मी घरी आले तर ती दाराला कडी घालून बसली होती.

"घाबरलीस?" मी विचारलं.

"घाबरू कशाला? चकल्या दिल्या मी त्या मेल्याला! परत परत वाढल्या!"

पावसाळा संपत आला तेव्हा दादा सुटले. जवळजवळ वर्ष झालं होतं. बातमी मला बौदीनं नाही, वकीलसाहेबांनी सांगितली. मी धावत बागबाजारला गेले. ते खाटेवर बसले होते, चष्म्याची एक काच तडकलेली. मी मंडळापुढे काय झालं ते विचारलं.

"तिघं होते," ते म्हणाले. "मला विचारलं, काही सांगायचंय? मी सांगितलं, त्या दिवशी प्रूफं वाचत होतो. एकानं विचारलं, कसली? मी म्हटलं, याच कायद्यावरच्या लेखाची. तो हसला. बस, एवढंच."

"माझं प्रतिज्ञापत्र त्यांच्यासमोर होतं?"

"कागद खूप होते, दीदी. वरचा तेवढा दिसत होता."

छापखान्यानं त्यांना परत घेतलं नाही. ते शाळेच्या पुस्तकांची प्रूफं घरी आणून वाचू लागले. तुरुंगाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. आणि पूर्वी माझ्या लेखात चूक दिसली की ज्या आवेशानं ते बोलत, तो आवेशही गेला. एकदा मी त्यांना नवा लेख दाखवला. त्यांनी चारच खुणा केल्या, त्याही शिसपेन्सिलीनं, आणि प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह. मला ती प्रश्नचिन्हं पाहवेनात. ज्या कुणी हा कायदा लिहिला, ज्यानं हुकूम टंकला, ज्यानं तो दुरुस्त केला, त्या सगळ्यांना धरून ती प्रश्नचिन्हं दाखवावीत असं वाटलं. पण दाखवणार कुणाला? त्या हुकुमावर सही होती, तीही वाचता न येणारी.

मी सरकारला संशोधनासाठी म्हणून पत्र लिहिलं. स्थानबद्धाची सुटका कोणत्या कारणानं झाली, मंडळानं काय अभिप्राय दिला, हे कळवावं. तीन ओळींचं उत्तर आलं. कारणं देण्यास सरकार बांधील नाही.

दोन्ही हुकूम शेजारी शेजारी ठेवून, माणसांची नावं गाळून, मी ते प्रकरण लिहिलं. सरांनी सही करायला आठ महिने लावले, पण अखेर केली. सही करताना म्हणाले, "मी असतो तर लिहिलं नसतं." मग पेनाला टोपण लावत, "पूर्वी लिहिलं असतं." एका बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला की प्रबंधाचा सूर संशोधकाला न शोभेसा संतप्त आहे, तो सौम्य करून पुन्हा सादर करावा. मी सगळी विशेषणं काढून टाकली. त्यांच्या जागी तोवर मिळवलेले आणखी सतरा हुकूम घातले, एकापुढे एक, शब्दशः. ते वाचून परीक्षकांनी पुन्हा सुराबद्दल काही लिहिलं नाही. पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली. बाबांना निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळेल असं त्यांच्या ऑफिसात सगळे धरून चालले होते. ती मिळाली नाही. कारण त्यांनी विचारलं नाही आणि मला विचारू दिलं नाही.

एका वर्षापुरता म्हणून आणलेला तो कायदा पुन्हा वाढवला गेला, आणि पुन्हा. दर वेळी मी ग्रंथालयात जाऊन संसदेतली भाषणं वाचायची. दर वेळी कुणीतरी उठून सांगायचं की निरपराध माणसाला भिण्याचं कारण नाही. मी शिकवत राहिले. वर्गात ते प्रकरण आलं की माझा आवाज चढायचा, पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडे बघायची. चढू दे म्हटलं.

बौदी दर विजयेला, म्हणजे दसऱ्याला, नारळाचे लाडू पाठवायची, कुणाच्या तरी हाती. मी गेले की पाट मांडायची, पाणी द्यायची, सासूची चौकशी केली तर उत्तर द्यायची. आमच्याकडे मात्र ती कधी आली नाही, आईनं दोनदा हळदीकुंकवाला बोलावूनही. पहिल्यांदाच का सांगितलं नाहीत, हा तिचा प्रश्न मी तेव्हा कायद्याच्या मागं लपून टाळला होता. तिनं तो पुन्हा विचारला नाही. मी भ्याले म्हणून, हे खरं उत्तर मी काही वर्षांनी, तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून तिला सांगितलं. ती मासे धूत होती. तिनं हात पुसले नाहीत, वर पाहिलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि पाण्याची बादली माझ्या वाटेतून बाजूला ओढली.